पेशीतील रेणूंचे जाळे आणि रातांब्याची साल

पेशीत कोणताही रेणू एकटा काम करत नाही. प्रथिने एकमेकांना चिकटतात, एक प्रथिन दुसऱ्याला चालू किंवा बंद करते, विकरे एका पदार्थापासून दुसरा पदार्थ बनवतात आणि तयार झालेला पदार्थ कधी कधी त्याच विकराला रोखतो. माणसात प्रथिने घडवणारी सुमारे 20,000 जनुके आहेत. त्या प्रत्येकाचे काम सुटे सुटे कळले तरी पेशी कशी चालते हे उलगडत नाही, कारण पेशीचे काम रेणूंमधल्या संबंधांतून घडते. हे संबंध गोळा करायचे, त्यांचे जाळे मांडायचे आणि त्या जाळ्याचे गणित संगणकावर सोडवायचे, ही आज जीवशास्त्राची महत्त्वाची शाखा झाली आहे. तिचे बळ आणि तिच्या मर्यादा कोकणातल्या रातांब्याच्या उदाहरणातून नीट समजतात.

जाळे कसे मांडतात

या जाळ्यात प्रत्येक रेणू ही एक गाठ असते आणि दोन रेणूंमधला संबंध हा त्या गाठींना जोडणारा दुवा. दोन प्रथिने एकमेकांना चिकटत असतील तर दुव्याला दिशा नसते. एक प्रथिन दुसऱ्याला बंद करत असेल तर दुव्याला दिशाही येते आणि उणे चिन्हही. चयापचयाच्या जाळ्यात कोणत्या पदार्थापासून कोणता पदार्थ तयार होतो आणि ते काम कोणते विकर करते, याची नोंद असते.

दुवे शोधण्याचे काम प्रयोगशाळेत होते. स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी 1989 मध्ये यीस्टच्या पेशीत प्रथिनांची जोडी तपासण्याची युक्ती काढली. ती दोन प्रथिने एकमेकांना चिकटली तरच यीस्टमधले एक खुणेचे जनुक चालू होते. मात्र 20,000 प्रथिनांच्या सुमारे 20 कोटी जोड्या होतात. म्हणून हे काम पुढे यंत्रमानवांच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी नकाशात 8,275 प्रथिनांमधले सुमारे 53,000 दुवे नोंदले गेले. जपानमधील ‘केग’ आणि युरोपातील ‘स्ट्रिंग’ या खुल्या माहितीसंग्रहांत असे दुवे साठवलेले आहेत.

संगणक त्यात काय शोधतो

पहिले मोजमाप सोपे आहे: कोणत्या गाठीला किती दुवे आहेत? बहुतेक प्रथिनांना मोजकेच दुवे असतात, थोड्यांना मात्र खूप असतात. हावून जेओंग, अल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये यीस्टचे जाळे तपासले. पाच किंवा त्याहून कमी दुवे असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे 21 टक्के प्रथिने यीस्टला जगण्यासाठी अत्यावश्यक होती. पंधराहून अधिक दुवे असलेल्यांत हे प्रमाण सुमारे 62 टक्के निघाले.

दुसरे मोजमाप वाटेवरच्या गाठींचे. एका गाठीकडून दुसरीकडे जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटा ज्या गाठीतून जास्त जातात, तिला दुवे कमी असले तरी ती महत्त्वाची ठरते. तिसरा शोध गटांचा असतो. आपसात दाट जोडलेली प्रथिने बहुधा एकाच कामात गुंतलेली असतात. म्हणून एखाद्या अपरिचित प्रथिनाचे काम त्याच्या शेजाऱ्यांवरून ओळखण्याचा प्रयत्न करता येतो.

रातांब्याचे उदाहरण

लांज्यासह सगळ्या रत्नागिरी जिल्ह्यात उन्हाळ्याच्या अखेरीस रातांबे पिकतात. साली रसात भिजवून उन्हात वाळवल्या की आमसुले तयार होतात. त्यांच्या आंबटपणामागचे मुख्य आम्ल म्हणजे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. रातांब्याच्याच कुळातल्या दुसऱ्या फळात हे प्रमुख आम्ल असल्याचे म्हैसूरचे वाय. एस. लुईस आणि एस. नीलकांतन यांनी 1965 मध्ये दाखवले. सालीत गार्सिनॉल नावाचा आणखी एक रेणू असतो.

हे दोन्ही रेणू पेशीत कुठे काम करतात ते स्वतंत्रपणे शोधले गेले. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल ‘एटीपी सिट्रेट लायेज’ हे विकर अडवते, हे 1969 मध्ये समजले. तंतुकणिकेतून बाहेर आलेल्या सिट्रेटचे तुकडे करून हे विकर अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए हा रेणू बनवते. त्यातूनच पुढे मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल तयार होतात. दुसरीकडे, गार्सिनॉल पी-300 आणि पीकॅफ या विकरांना रोखते, असे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तपस कुंडू यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवले. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर अ‍ॅसिटिल गट बसवण्याचे काम ही विकरे करतात. हा गट बसला की बहुधा जनुक वाचणे सोपे होते.

सुटे पाहिले तर एक रेणू चरबीशी संबंधित दिसतो आणि दुसरा जनुकांशी. जाळे मांडले की दोघे शेजारी निघतात. पी-300 आणि पीकॅफ यांना लागणारा अ‍ॅसिटिल गट अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए मधूनच येतो. एटीपी सिट्रेट लायेजच्या पुरवठ्यावर हिस्टोनवरील अ‍ॅसिटिलचे प्रमाण अवलंबून असते, हे 2009 मध्ये मानवी पेशींत दिसून आले. म्हणजे एकाच सालीतला एक रेणू कच्चा माल तयार होताना अडवतो आणि दुसरा तो वापरणाऱ्या यंत्रणेला अडवतो. एकेका रेणूकडे पाहून हा संबंध लक्षात येत नाही.

एक वाट अडवली तर

जाळ्याचा दुसरा धडा वजन कमी करण्याच्या गोळ्यांनी दिला. चरबी बनवणारे विकर अडवले तर वजन घटेल, असा सरळ तर्क होता. 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. रोज 1,500 मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल घेणाऱ्यांचे वजन खोटे औषध घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय घटले नाही. लांज्याजवळ महामार्ग बंद पडला तर गाड्या आडवाटेने निघतात, तसेच पेशीतही घडते. सिट्रेटची वाट अडली तर अ‍ॅसिटेटपासून अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए बनवणारे दुसरे विकर पेशीत आहे. शिवाय पोटात गेलेले आम्ल योग्य त्या पेशीपर्यंत पुरेसे पोहोचायलाही हवे.

एटीपी सिट्रेट लायेज हेच विकर अडवणारे ‘बेम्पेडोइक आम्ल’ मात्र कोलेस्टेरॉलचे औषध ठरले. अमेरिकेत त्याला 2020 मध्ये मान्यता मिळाली. ते ज्या विकरामुळे क्रियाशील होते, ते यकृतात आहे, पण स्नायूंत नाही. त्यामुळे औषधाचा परिणाम मुख्यतः यकृतात होतो. जाळ्याचा नकाशा प्रत्येक अवयवासाठी वेगळा लागतो तो याचसाठी.

वाटा बंद करून पाहणे

पर्यायी वाटा आधीच ओळखण्यासाठी चयापचयाच्या जाळ्याचे प्रतिमान तयार करतात. प्रत्येक पदार्थ जितका तयार होतो तितकाच खर्च होतो, असे समीकरण मांडतात. मग एकेक विकर बंद करून पेशीची वाढ किती घटते, हे संगणकाला काढायला सांगतात. कार्तिक रामन आणि नागसुमा चंद्रा यांच्या बंगळूरच्या गटाने 2005 मध्ये क्षयाच्या जंतूचे मेणासारखे कवच घडवणाऱ्या मायकोलिक आम्लाच्या जाळ्यावर ही पद्धत वापरली. त्यात 219 अभिक्रिया आणि 28 प्रथिने होती. कोणते प्रथिन बंद पाडले तर जंतूला दुसरी वाट उरत नाही, याचा अंदाज त्यातून मिळाला.

अनेक द्रव्यांच्या औषधांना जाळ्याची मांडणी विशेष उपयोगी पडते. औषधांकडे जाळ्याच्या अंगाने पाहण्याचा ‘नेटवर्क फार्माकॉलॉजी’ हा विचार अँड्र्यू हॉपकिन्स यांनी 2007 मध्ये मांडला. पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तो त्रिफळ्याला लावला. हिरडा, बेहडा आणि आवळा यांतले रेणू आणि त्यांची संभाव्य लक्ष्य प्रथिने यांचे जाळे त्यांनी कर्करोगाच्या संदर्भात 2015 मध्ये प्रसिद्ध केले. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने भारतीय औषधी वनस्पतींतील रेणूंचा ‘इम्पॅट’ हा खुला संग्रह 2018 मध्ये आणला. त्यात 1,742 वनस्पती होत्या. दुसऱ्या आवृत्तीत त्या 4,010 झाल्या.

मर्यादा

या नकाशांत उणिवा आहेत. कर्करोगासारख्या आजारातली प्रथिने जास्त अभ्यासली गेली, म्हणून त्यांना दुवेही जास्त दिसतात. यीस्टमध्ये चिकटलेली दोन प्रथिने माणसाच्या पेशीत एकाच वेळी, एकाच जागी असतीलच असे नाही. दुवा आहे एवढ्यावरून रेणू किती मात्रेत लागेल आणि तो रक्तातून तिथे पोहोचेल का, हे कळत नाही. म्हणून जाळ्यातून निघालेला निष्कर्ष हा अंदाज असतो. तो आधी पेशींवर, मग प्राण्यांवर आणि शेवटी माणसांच्या चाचणीत तपासावा लागतो. आमसुलातले दोन रेणू जाळ्यात शेजारी आहेत म्हणून आमसूल एखाद्या रोगावर औषध ठरत नाही. कोणता प्रयोग आधी करावा आणि त्यात काय मोजावे, हे मात्र त्या शेजारामुळे ठरवता येते. हजारो शक्यतांतून तपासण्याजोग्या थोड्या शक्यता निवडून देणे हेच या शास्त्राचे खरे काम आहे.