समुद्राकडचे थोडे, डोंगराकडचे थोडे

मुलांसाठी ग्रंथसंग्रह करताना आशियाई आणि बहुसांस्कृतिक पुस्तके, म्हणजे आपल्याहून वेगळी भाषा, धर्म, आहार आणि चालीरीती असलेल्या माणसांचे जगणे आतून दाखवणारी पुस्तके, मुद्दाम शोधावी लागतात. कारण परदेशी म्हणून जे बालसाहित्य मराठीत सहज हाती येते ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतले असते. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या, महाड तालुक्यातील वरंधच्या शाळेला हा शोध फार दूरचा वाटण्याचा संभव आहे, परंतु त्याची एक वाट महाडशेजारच्या माणगाव तालुक्यातूनच जाते. तेथे वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक असून, भारतीय भाषांमधील साहित्य परस्परांत आणणे हा त्याच्या कार्याचा एक भाग आहे. ‘आंतरभारती’ या गुरुजींच्या कल्पनेचा आशय हाच, की प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा आणि साहित्य आपलेसे करावे. आणि ही कल्पना त्यांनी केवळ भाषणांतून मांडली नाही, तर तमिळ ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणून आणि ‘इस्लामी संस्कृती’सारखे पुस्तक लिहून तिच्यासाठी स्वतः लेखणी झिजवली.

या परिसरातील मुलांच्या हाती पहिले कोणते पुस्तक द्यावे, असा प्रश्न आल्यास ‘तोत्तोचान’चे नाव निःसंकोच घ्यावे. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे आठवणींचे पुस्तक जपानमध्ये 1981 साली प्रसिद्ध झाले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीत आणले. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या टोकियोच्या तोमोए शाळेत मुख्याध्यापक कोबायाशी यांचा आग्रह असे, की प्रत्येक मुलाच्या डब्यात थोडे समुद्राकडचे आणि थोडे डोंगराकडचे असावे. ज्याच्या डब्यात यांपैकी एखादे नसेल त्याला मुख्याध्यापकांच्या पत्नी आपल्याजवळच्या भांड्यातून ते वाढत. खाडीकडून येणारा सुका जवळा आणि रानातली कुर्डूची भाजी ज्यांच्या घरी एकाच आठवड्यात शिजते, त्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ही शाळा जळून गेली, हे वाचल्यावर युद्ध हा शब्द त्यांच्यासाठी इतिहासाच्या धड्यापुरता उरत नाही.

पुस्तक निवडताना मुखपृष्ठापेक्षा आतल्या श्रेयपानाकडे अधिक लक्ष द्यावे. मूळ भाषा कोणती, लेखक त्याच समाजातला आहे की पाहुणा, चित्रकार कोण आणि अनुवादकाचे नाव दिले आहे की गाळले आहे, एवढ्या गोष्टी तेथे कळतात. आशियाई पुस्तके पुष्कळदा इंग्रजीमार्गे मराठीत येत असल्याने मधल्या भाषेचीही नोंद असणे हे प्रामाणिक प्रकाशनाचे लक्षण मानावे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर 2015 पासून अनेक भाषांतील चित्रकथा मुक्त परवान्याने, म्हणजे विनामूल्य वाचण्याची, छापण्याची आणि अनुवाद करण्याची मुभा देऊन, उपलब्ध आहेत, त्यामुळे तुटपुंज्या निधीच्या शाळेलाही सुरुवात करता येते.

मात्र जपानकडे पाहताना शेजारची वाडी नजरेआड झाली तर संग्रह अपुराच राहील. कातकरी मुले आणि सावित्री नदीकाठची कोकणी मुस्लिम कुटुंबे मराठी बालपुस्तकांत फारच थोडी दिसतात, आणि ही उणीव कोणत्याही अनुवादाने भरून निघणारी नाही. त्या घरांतील आजी-आजोबांकडून गोष्टी ऐकून, त्यांच्याच शब्दांत उतरवून आणि मुलांकडून चित्रे काढून घेऊन शाळेने हस्तलिखित पुस्तके बांधावीत आणि छापील पुस्तकांच्या रांगेतच ती ठेवावीत.

राहता राहिला पावसाळा. येथील ओल पुस्तकांना बुरशी आणि कसर लावते, आणि जुलै 2021 च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेल्याने तळमजल्यावरच्या कपाटाचा भरवसा किती धरावा हेही कळून चुकले आहे. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच असावे, खणांत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, आणि पावसाने उघडीप दिली की मुलांकडूनच पुस्तके बाहेर काढून, पाने मोकळी करून, सावलीतल्या वाऱ्यावर पसरावीत.