वाचा गेली, बुद्धी नव्हे

अर्धांगवायूने वाचा गेली की, ‘आता त्यांना काही कळत नाही,’ असे घरोघरी म्हटले जाते. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो. पॅरिसच्या डॉ. ब्रोका यांनी १८६१ साली वर्णिलेला रोगी ‘टॅन’ एवढाच उच्चार करी; इतरांचे बोलणे मात्र त्याला बरेचसे समजे.

वाचोपचारतज्ज्ञ प्रथम रोग्यास किती समजते, अन्न नीट गिळता येते काय, हे पाहतात. मग चित्रे, ओळखीची नावे, आकडे यांच्या साहाय्याने शब्दांची वाट पुन्हा मोकळी करू लागतात. घरची भाषा मराठी आहे, हे त्यांना आवर्जून सांगावे.

सभासद कुटुंबांस आमची विनंती एवढीच : उपचारास विलंब करू नये, रोग्यास एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तरासाठी थांबावे.