लोणारची गोड धार

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगा पसरल्या आहेत. रोहिणखेड हे जुने गाव या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेथून घाट चढून पठारावर यावे आणि बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे मागे टाकीत आग्नेयेस जावे, म्हणजे लोणार लागते. गाव लहानसे, परंतु त्याच्या शेजारचे सरोवर पाहण्यास देशोदेशींचे अभ्यासक येतात.

गावाच्या कडेला जाऊन उभे राहिले, की एकाएकी जमीन संपते. समोर एखाद्या अजस्र कढईसारखे गोल विवर दिसते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. उतारांवर दाट झाडी असून तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर पसरलेले आहे.

हे विवर कसे झाले? विष्णूने लवणासुर नावाच्या दैत्याचा येथे वध केला, अशी कथा लोक सांगतात. गावातील दैत्यसूदनाचे सुंदर कोरीव मंदिर याच कथेशी जोडलेले आहे. पूर्वी काही विद्वानांना हे ज्वालामुखीचे मुख वाटे. परंतु येथील खडकांत प्रचंड दाबाने बनलेली काच सापडली आणि १९७३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आकाशातून आलेला एक मोठा अशनी येथे आदळला होता. काळ्या बेसाल्ट खडकात अशा रीतीने बनलेली विवरे साऱ्या पृथ्वीवर फार थोडी आहेत.

सरोवराचे पाणी अतिशय खारट आहे. नवल हे, की त्याच्या काठावरील झऱ्यांचे पाणी गोड आहे! गावाजवळची धार गोमुखातून बारमाही वाहते. यात्रेकरू तेथे श्रद्धेने स्नान करतात. खाली उतरताना सीतान्हाणी आणि रामगया ही गोड्या पाण्याची ठिकाणे लागतात. सरोवराच्या काठाशी कमळजादेवीचे मंदिर आहे. त्याच्याजवळच्या विहिरीचे पाणी एका बाजूस गोड व दुसऱ्या बाजूस खारट लागते, असे सांगतात. म्हणून तिला लोकांनी मोठे गमतीदार नाव दिले आहे: सासू-सुनेची विहीर!

गोडे पाणी जेथे येऊन मिळते, ते सरोवर खारट कसे? पावसाचे पाणी पठारावरील खडकांच्या भेगांतून खाली झिरपते आणि विवराच्या उतारावर वाट मिळताच झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. येताना ते खडकांतील क्षार विरघळवून आणते. पण ते इतके थोडे असतात, की जिभेला कळत नाहीत. सरोवरातून मात्र पाण्याला बाहेर पडण्यास वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. भांड्यात मिठाचे पाणी आटविले, तर तळाशी मीठ उरते, तसाच हा प्रकार. हजारो वर्षे हे चालले आहे. या क्षारांचा उपयोग लोक पूर्वापार करीत आले. काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, असा उल्लेख अकबराच्या काळातील ‘ऐने-अकबरी’ या ग्रंथात आहे.

२०२० सालच्या जून महिन्यात सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. लोक चकित झाले. उन्हाळ्यात पाणी कमी होऊन खारटपणा वाढला होता आणि त्यात मिठावर जगणारे सूक्ष्म जीव बेसुमार वाढले होते. त्यांचाच तो रंग होता. पुढे तो ओसरला. त्याच वर्षी या सरोवराला ‘रामसर स्थळ’ म्हणून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत स्थान मिळाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. झऱ्यांतून येणारे पाणी आणि उन्हाने उडून जाणारे पाणी यांच्या तोलावर हे सरोवर जगते. सरोवरात जे पडेल, ते तेथेच राहील. कारण त्याला बाहेर जाण्यास वाटच नाही. धारेवर साबण लावून धुतलेल्या कपड्यांचा मळ असो की गावातले सांडपाणी असो, ते अखेर त्या खारट पाण्यात साठत जाते. म्हणून लोणारला जाल, तेव्हा धारेखाली ओंजळ धरून ते गार पाणी अवश्य घ्या. मात्र ते जसे निर्मळ आले, तसेच खाली जाऊ द्या.