फटफटीचे शॉकअप आणि त्यांची निगा



खडकाळ वाटेने बैलगाडीतून ज्याने प्रवास केला आहे, त्याला धक्का म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चाकाखाली दगड आला की चाक उडते, चाकाबरोबर आख उडतो, आखाबरोबर साटी उडते आणि साटीबरोबर आपण! मध्ये धक्का अडवणारे कोणीच नसते. टांग्याला खाली कमानी असतात म्हणून टांगा बरा. पण खड्ड्यातून निघालेला टांगाही पुढे काही वेळ डुलतच राहतो. फटफटीला या दोन्ही गोष्टी परवडण्यासारख्या नाहीत. तिला दोनच चाके. चाक जमिनीवरून उचलले गेले, तर त्या क्षणी ना ब्रेक लागत, ना गाडी वळत.

आज वस्तीवस्तीवर मोटारसायकल पोचली आहे. पहाटे दुधाच्या किटल्या तिच्यावर जातात, दहा वाजता मास्तर तिच्यावरून शाळेला जातात आणि संध्याकाळी खताची गोणी तिच्यावरच घरी येते. इंजिनाचे तेल आपण आठवणीने बदलतो, साखळी ताणून घेतो. पण धक्के खाणारा जो भाग, ज्याला आपण सरसकट ‘शॉकअप’ म्हणतो, त्याच्याकडे तो मोडेपर्यंत कोणी पाहत नाही. म्हणून आज त्याच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते पाहू. शॉकअपमध्ये दोन कामकरी असतात. एक स्प्रिंग आणि दुसरे तेल. स्प्रिंग धक्का पोटात घेते. पण तिचा स्वभाव असा, की घेतलेले ती परत करते. दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. तिला आवर घालायचे काम तेलाचे. नळीतले तेल बारीक भोकांतून इकडून तिकडे ढकलले जाते. हळू ढकलले तर ते सहज जाते. जोराने ढकलले तर अडते. या अडण्यात उसळीचा जोर खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावर दहा-बारा मैल गाडी चालवून मागच्या शॉकअपला हात लावून पाहा, तो कोमट लागेल. खड्ड्यांचा जोर तिथे जिरलेला असतो.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवता येईल. सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी घ्या, तीत गोडे तेल भरा आणि दांडा आधी हळू व मग जोराने दाबायला मुलांना सांगा. जोर करावा तसे तेल अधिक अडते, हे त्यांच्या हातालाच कळेल. दुसरा प्रयोग स्प्रिंगचा. स्प्रिंगला वजन टांगून सोडा, ते बराच वेळ नाचते. तेच वजन पाण्याच्या बादलीत बुडवून नाचवा, लवकर थांबते. शॉकअपचे सगळे शास्त्र या दोन प्रयोगांत आले.

ही विद्या तशी जुनी आहे. तेलाने आवरलेला दुर्बिणीसारखा सरकणारा पुढचा फोर्क बी.एम.डब्ल्यू. कंपनीने 1935 साली आपल्या आर-12 या गाडीवर विक्रीला आणला. आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची बुलेट 1949 पासून मागच्या बाजूला हलता चिमटा आणि दोन शॉकअप घेऊन आली, आणि 1955 साली मद्रासला तिच्या जुळणीचे काम सुरू झाले. आजच्या बहुतेक साध्या गाड्यांची मांडणी मुळात हीच आहे: पुढे दोन फोर्क, मागे चिमटा आणि दोन शॉकअप. काही गाड्यांना मागे मध्यभागी एकच असतो.

आता दुखणे कसे ओळखावे? गाडी सपाट जागी उभी करा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर भार देऊन फोर्क खाली दाबा, मग सोडा. फोर्क वर आला आणि स्थिरावला तर ठीक. दोन-तीनदा वरखाली झुलला तर तेल कमी झाले आहे किंवा निकामी झाले आहे असे समजा. मागची बाजू सीटवर भार देऊन अशीच तपासा. याशिवाय ब्रेक मारताच गाडी पुढे एकदम नाक खुपसते, खड्ड्यात ‘ठक्’ असा धातूचा आवाज येतो, वळणावर मागचे चाक डुलते, टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजतो, ही सारी त्याचीच लक्षणे होत. मात्र शॉकअपला दोष देण्याआधी टायरमधली हवा पाहावी. कमीजास्त हवेमुळेही गाडी अशीच वागते.

आणखी एक बिनखर्चाची परीक्षा आहे. फोर्कच्या चकचकीत पाइपाला, खालच्या रबरी सीलला टेकून, एक बारीक दोरा बांधा आणि आपल्या रोजच्या रस्त्याने एक फेरी मारून या. फोर्क जितका दबला तितका दोरा वर सरकलेला दिसेल. तो अगदी टोकाला जाऊन भिडला असेल तर स्प्रिंग थकली आहे, तेल कमी आहे, नाहीतर आपण ओझे जास्त लादतो आहोत. पाहून झाले की दोरा आठवणीने काढून टाकावा.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. फोर्कमधले तेल बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी एक रबरी सील असते. चिखल सुकून पाइपावर बसतो, फोर्क दबला की ती माती सीलखाली ओढली जाते आणि सीलचा नाजूक ओठ कापते. मग पाइपावर तेलाचे कडे दिसू लागते. लोक म्हणतात, “थोडे पाझरते, चालायचेच.” मीही तसेच म्हणालो होतो. मी मुलांना यंत्रकाम शिकवतो आणि माझ्याच गाडीचा उजवा फोर्क पावसाळ्यात महिनाभर पाझरत होता. रोज सकाळी फडक्याने पुसायचे आणि निघायचे. एका बाजाराच्या दिवशी पुतण्याला मागे बसवून उतारावरून येत होतो. वळणावर उसाची बैलगाडी आडवी आली. पुढचा ब्रेक दाबला, तो धरलाच नाही. फोर्कवरून ओघळलेले तेल खाली ब्रेकच्या चकतीवर आणि पॅडवर गेले होते. मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी वळवून चरात घातली. पोराचे मनगट मोडले, माझ्या गुडघ्याला टाके पडले. “काका, तुम्ही तर शिकवता ना?” असे तो दवाखान्यात म्हणाला, ते टाक्यांपेक्षा जास्त लागले. दोन सीलांचा खर्च मी महिनाभर पुढे ढकलला होता!

म्हणून पहिला नियम हा, की सील पाझरू लागले की त्याच आठवड्यात बदलावे. आणि पॅडला किंवा लायनरला तेल लागले असेल तर ते पुसून, भाजून पुन्हा वापरू नये. तेल आत मुरलेले असते. ते नवे घालावे आणि चकती नीट धुऊन घ्यावी.

सील आणि तेल बदलण्याचे काम मिस्त्रीकडून करून घेणे बरे. फोर्कच्या वरच्या टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते. टोपण अंदाजाने उघडले तर ते तोंडावर उडू शकते. पण काम चालू असताना आपण जवळ उभे राहावे आणि काही गोष्टी पाहाव्यात. निघालेले तेल पाहा. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. त्यात चांदीसारखी चमक असेल तर आतले भाग झिजत आहेत. पाइपावरून नख फिरवा. कुठे नख अडले तर तिथे गंजाचा खड्डा आहे, आणि तो नवे सीलही कापणार. बारीक खरखर मिस्त्री घासून काढतो, पण खोल खड्डा असेल तर पाइपच बदलावा लागतो. पाइप वाकलेला नाही ना, हेही सपाट काचेवर लोळवून पाहता येते. सील छिन्नीने ठोकून बसवू देऊ नका. बरोबर मापाच्या नळीने ते सारखे दाबत बसवावे आणि आधी त्याच्या ओठाला तेल लावावे. दोन्ही बाजूंची सीले आणि तेल एकाच वेळी बदलावे.

तेल किती आणि कोणते, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असते. अंदाजाने ओतू नये, मापाच्या भांड्याने मोजून दोन्हीकडे सारखे घालावे. “चार थेंब जास्त घाल, शॉकअप कडक होईल,” असे सांगणारे भेटतात. तेलाच्या वर हवेसाठी जागा ठेवलेली असते. फोर्क दबला की ती हवाही दबते आणि स्प्रिंगला मदत करते. तेल जास्त झाले की हवेला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि सील फुटते. डब्यात उरलेले कोणतेही तेल ओतणेही चुकीचे. दाट तेल भोकांतून वेळेवर जात नाही, मग गाडी दगडासारखी उसळते. पातळ तेल आवर घालत नाही. शेवटी चाक बसवल्यावर, आखाचे बोल्ट पक्के आवळण्याआधी फोर्क चार-सहा वेळा दाबून घ्यावा, म्हणजे दोन्ही पाय सरळ रेषेत बसतात.

मागच्या शॉकअपची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक गाड्यांवर ते कायमचे बंद केलेले असतात. ते गळू लागले की जोडीने बदलावेत. पुष्कळ गाड्यांत आता नायट्रोजन वायू दाबून भरलेले शॉकअप येतात. त्यांना भोक पाडणे, वेल्डिंग करणे, विस्तवात टाकणे हे जिवावर बेतणारे आहे. जुना काढलेला शॉकअपही मुलांच्या हाती खेळायला देऊ नये.

मागच्या स्प्रिंगखाली खाचांचे एक कडे असते. मागे माणूस किंवा ओझे असेल तेव्हा ते चढवावे, एकटे असताना उतरवावे. दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर असावे. त्याने गाडीची मागची बाजू ओझ्याखाली बसत नाही, एवढेच. कडे चढवले म्हणून गाडी जास्त ओझे वाहू शकते, असे मात्र नाही. दूध नेणाऱ्या मंडळींनी किटल्या दोन्ही बाजूंना समतोल, शक्य तितक्या खाली आणि न हिंदकळतील अशा घट्ट बांधाव्यात.

चिमट्याचे बुश तपासायला गाडी मेन स्टँडवर लावा, मागचे चाक धरून आडवे हलवा. चिमट्याच्या मुळाशी खटखट जाणवली तर बुश गेले. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर हँडलचा कोन सेट झिजला आहे. पुष्कळदा दोष याचा असतो आणि खर्च फोर्कवर होतो.

राहिली रोजची निगा. चिखलातून आल्यावर फोर्कचे पाइप ओल्या मऊ फडक्याने पुसावेत. वाळलेली माती कोरडी घासू नये. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नये. सीलला रॉकेल किंवा पेट्रोल लावू नये, रबर बिघडते. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा वर सांगितलेली परीक्षा करावी, आणि तेल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला बदलावे; आपले रस्ते धुळीचे असतील तर थोडे आधीच.

बैलाच्या खुराला लागले की आपण त्याला त्या दिवशी जुंपत नाही. बैल लंगडून सांगतो. फटफट लंगडत नाही, ती फक्त पाइपावर तेलाचे एक कडे उमटवते. उद्या सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी, मंडळी, तेवढे एकदा वाकून पाहा.