पाठदुखी : सोसावी केव्हां, दाखवावी केव्हां ?

घरांत कोणाच्या पाठींत उसण भरली म्हणजे वैद्यांची वाण पडत नाहीं. आजी ओव्याची पुरचुंडी शेकावयास सांगतात, काकू तेलाची बाटली काढतात, आणि आमच्यासारखे वडीलधारे पुरुष "वाताचा विकार आहे, चार दिवस पडून राहा" असें सांगून पुन्हा वर्तमानपत्रांत डोकें घालतात. या गृहवैद्यकाला हसण्याचें कारण नाहीं. कारण बहुतेक पाठदुखी कांहीं दिवसांत आपोआपच ओसरते. परंतु क्वचित् एखादें दुखणें असें निघतें कीं, तेथें एका दिवसाचा विलंबहि जन्माचें पंगुत्व देऊन जातो. तें ओळखावें कसें, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. पण आमच्या घरीं जें घडलें त्यानें हा विषय मला उतारवयांत शिकावा लागला.

२०१३ सालचा श्रावण होता. घरीं मंगळागौरीची गडबड. माझ्या धाकट्या भावजयीनें पाण्यानें भरलेलें मोठें पातेलें उचललें आणि तिच्या कमरेंत चमक भरली. दुसऱ्या दिवसापासून कळ डाव्या मांडींतून पोटरीपर्यंत उतरूं लागली. मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "ही गृध्रसी !" नितंबापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशा क्रमानें उतरणारा हा शूल चरकसंहितेंत सांगितला आहे, आणि लक्षण तर तंतोतंत जुळत होतें. नांव सांपडलें म्हणजे रोग कळला, ही शिक्षकाची जुनी भ्रांति. आठ दिवस अंथरूण सोडूं नये, असा हुकूम मीं देऊन टाकला.

सहाव्या दिवशीं तिच्या दोन्ही पायांत मुंग्या येऊं लागल्या. तिनें कोणास सांगितलें नाहीं. सातव्या दिवशीं रात्रीं माझी पत्नी तिच्याजवळ बसली असतां ती हळूच म्हणाली, "वहिनी, कालपासून लघवीची जाणीवच होत नाहीं. बसलें तर खालीं जाड गोधडी घातल्यासारखें वाटतें. पण हें भावजींच्या कानांवर कसें घालायचें ?" पत्नी घाबरून माझ्याकडे आली. त्याच रात्रीं आम्ही तिला शहरांतील मोठ्या रुग्णालयांत नेलें. एम्. आर्. आय्. काढला आणि पहांटे शस्त्रक्रिया झाली. ती चालूं लागली, ही देवाची कृपा. परंतु लघवीचा ताबा पूर्ववत् व्हावयास वर्ष लागलें, आणि डाव्या पावलाची बधिरता अद्यापि गेलेली नाहीं. शल्यविशारदांनीं मला एवढेंच विचारलें, "काल कां नाहीं आणलें ?" त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

झालें होतें तें असें. कण्याच्या नळींतून उतरणारा मज्जारज्जु कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं संपतो. त्याच्या खालीं मज्जातंतूंचा एक झुबका लोंबत असतो. तो घोड्याच्या शेपटासारखा दिसतो, म्हणून पाश्चात्य वैद्यांनीं त्यास त्याच अर्थाचें लॅटिन नांव दिलें. आपण अश्वपुच्छ म्हणूं. दोन मणक्यांमधील चकती फुटून तिचा मोठा तुकडा या झुबक्यावर दाबला गेला, तर पायांची शक्ति, मलमूत्राचा ताबा आणि खोगिरावर बसतांना जो भाग टेकतो त्याची संवेदना, हीं तिन्ही धोक्यांत येतात. दाब जितका वेळ राहील तितकी हानि कायमची होण्याचें भय अधिक.

म्हणून वाचकांनीं हें पक्कें ध्यानांत ठेवावें. पाठ दुखत असतां लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, शौचाचा ताबा गेला, बैठकीचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांत कळा येऊं लागल्या, अथवा पाय लुळा पडूं लागला, तर यांपैकीं एकाहि लक्षणासाठीं सकाळची वाट पाहूं नये. जेथें एम्. आर्. आय्. चें यंत्र आणि कण्याचे शल्यविशारद आहेत अशा रुग्णालयांत तडक जावें. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पाऊल वर उचलत नाहीं, चालतांना चप्पल नकळत निसटते, हेंहि त्याच दिवशीं दाखवावयाचें लक्षण होय.

दुसऱ्या कांहीं दुखण्यांत घाई तासांची नसली, तरी हयगय उपयोगाची नाहीं. पडून राहिलें तरी न थांबणारी, रात्रीं झोपेंतून उठविणारी कळ, आणि तिच्या जोडीला संध्याकाळचा बारीक ताप किंवा उतरत जाणारें वजन असेल, तर कण्याच्या क्षयाची शंका घ्यावी. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्यानें १७७९ सालीं या विकाराचें वर्णन केलें. तो आपल्या देशांतून अजून गेलेला नाहीं. मात्र वेळीं सांपडला तर औषधांनीं बरा होतो, आणि सरकारी केंद्रांत तीं औषधें मोफत मिळतात. पूर्वीं कर्करोग होऊन गेलेल्या मनुष्याची नवी पाठदुखीहि अंगावर काढूं नये. उतारवयाच्या स्त्रियांचीं व दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारांचीं हाडें ठिसूळ होतात. त्यांना साध्या घसरण्यानेंहि मणक्याचा अस्थिभंग होऊं शकतो. तरुण मुलाची कंबर सकाळीं आखडलेली असते, हालचालीनें मोकळी होते, विश्रांतीनें उलट वाढते, आणि असें तीन महिने चाललें आहे, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वीं संधिवाततज्ज्ञांकडे न्यावें.

यांतलें कांहींच नसेल तर भिऊं नये. शेकावें, आपल्या नेहमींच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें वेदनाशामक घ्यावें, आणि झेपेल तितकें हिंडतें-फिरतें राहावें. आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळून राहणें हितावह नाहीं, असें आतां वैद्यकशास्त्र सांगतें. म्हणजे माझा तो हुकूमहि चुकीचाच होता. पहिल्याच दिवशीं एम्. आर्. आय्. च्या मागें लागण्याचेंहि कारण नाहीं. सहा आठवड्यांत उतार पडला नाहीं, तर मात्र तज्ज्ञांस दाखवावें.

शेवटीं एक गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांस सांगावयाची आहे. सर्वांत धोक्याचें जें लक्षण, तेंच आपल्या घरांत बोलावयाचें चोरीचें. सुना मोठ्यांच्या मर्यादेनें बोलत नाहींत. आणि आजोबांना नीट लघवी होईनाशी झाली तर तेहि तें वयाच्या नांवावर खपवितात. दुखणाऱ्यानें आपण होऊन सांगावें ही अपेक्षा व्यर्थ आहे. घरानेंच विचारलें पाहिजे. आमच्या घरीं आतां कोणाची पाठ दुखूं लागली कीं, तेलाची बाटली उघडण्यापूर्वीं माझी पत्नी त्याला बाजूला घेऊन विचारते : लघवी-शौचाला नीट होतें ना ? बसतांना खालीं बधिर वाटतें का ? पायांत जोर आहे ना ? ताप येतो का ? रात्रीं झोप लागते ना ? प्रथम सारे संकोचले. आतां नातवंडेंसुद्धां सरळ उत्तरें देतात. हे पांच प्रश्न त्या श्रावणांत पहिल्याच दिवशीं विचारले असते आणि रोज विचारीत राहिलों असतों, तर माझी भावजय आज दोन्ही पावलांनीं सारखी चालली असती.