मोडक्या मावळ्यापासून परग्रहवासी



दिवाळीची सुटी संपून शाळा भरते, तेव्हां आपल्या नगर शहराच्या गल्लोगल्लीं एक करुण देखावा दृष्टीस पडतो. ज्या किल्ल्यांसाठीं मुलांनीं चार चार दिवस माती कालविली, दगड रचले, मोहरी व हळीव पेरून तटाखालीं हिरवळ उगविली, ते किल्ले ढांसळूं लागलेले असतात. आणि त्यांवर पहारा करणारे मावळे, कोणाचा हात तुटलेला, कोणाचा भाला हरवलेला, अशा स्थितींत उकिरड्याच्या वाटेला लागतात. या निरुपयोगी ठरलेल्या सैन्यांतून एक नवें जग कसें उभें करतां येतें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम माझ्या एका चुकीची कबुली देतों. कांहीं वर्षांपूर्वीं वसतिगृहांतील इयत्ता आठवीच्या एका मुलाच्या पेटींत मला प्लॅस्टरच्या मावळ्यांचीं धडें, करवतून वेगळीं केलेलीं डोकीं, खेळण्यांतील एक मोडकी मालमोटार आणि सुगंधी फवाऱ्याचा रिकामा डबा, इतक्या वस्तु सांपडल्या. "चांगलीं खेळणीं कापून त्यांची नासाडी करतोस?" असें म्हणून मीं तें सर्व सामान जप्त केलें. मुलगा एक शब्दही बोलला नाहीं. रात्रीं तें सामान कपाटांत ठेवतांना तळाशीं वहीचीं चार पानें दिसलीं. त्यांवर त्यानें एका ग्रहाचा इतिहास लिहिला होता. त्या ग्रहावर पाऊस बंद होऊन तीनशें वर्षें लोटलीं आहेत. साऱ्या मुलखांत एकच विहीर उरली आहे. आणि तिचे राखणदार पिढ्यान्‌पिढ्या पाणी मोजून लोकांना वाटीत आले आहेत. कापलेला मावळा हा त्या विहिरीचा राखणदार होता. त्याच्या भाल्याचें टोंक काढून केलेली काठी पाण्याची खोली मोजण्यासाठीं होती. मोटारीवर बसविलेला डबा म्हणजे त्या ग्रहावरील पाण्याचा टँकर!

मुलगा पाथर्डी तालुक्यांतला. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणें म्हणजे काय, हें त्याला कोणी शिकवावयास नको होतें. मीं ज्याला नासाडी म्हटलें, तें त्या मुलाचें निबंधलेखनच होतें. दुसऱ्या दिवशीं मीं त्याची क्षमा मागितली, पेटी परत केली, आणि या विषयाची माहिती मिळविण्याच्या मागें लागलों. त्यांतून जें हातीं आलें, तें पुढें देत आहें.

या छंदास इंग्रजींत दोन नांवें आहेत. तयार मूर्तीचा हात, डोकें वा शस्त्र बदलून तिला निराळें रूप देणें, यास 'कन्व्हर्शन' म्हणजे रूपांतर म्हणतात. निरनिराळ्या जोडसंचांचे भाग एकत्र आणून, जी कोणत्याही संचांत नव्हती अशी वस्तु निर्माण करणें, यास 'किटबॅशिंग' म्हणतात. आपल्या घरांतील आजी जुन्या लुगड्यांची व धडोत्यांची गोधडी शिवते, तेव्हां ती याच जातीचें काम करीत असते. फरक इतकाच कीं, येथें गोधडी एखाद्या कल्पित कथेच्या मापानें शिवावयाची असते.

शास्त्रीय कल्पनाकथा आणि खेळण्यांतील सैनिक यांचें नातें जुनें आहे. मंगळावरील जीवांनीं पृथ्वीवर केलेल्या स्वारीची एच. जी. वेल्स यांची कादंबरी १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघाली. आणि याच वेल्स यांनीं १९१३ सालीं 'लिट्ल वॉर्स' हें, दिवाणखान्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें चित्रपटांचा काळ आला. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटांतील अवकाशयानें पाहून प्रेक्षक थक्क झाले. पण तीं यानें ज्या कारागिरांनीं घडविलीं, त्यांनीं बाजारांतील रणगाडे, तोफा व मोटारी यांचे प्लॅस्टिकचे जोडसंच विकत घेतले होते, आणि त्यांचे शेंकडों बारीक भाग यानांच्या अंगावर चिकटविले होते. त्यामागें एक युक्ति आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असला, कीं वस्तु लहान वाटते. तोच बारीक नळ्या, झडपा व खिळे यांनीं भरला, कीं डोळा फसतो आणि वस्तु अवाढव्य भासूं लागते.

इंग्लंडांतील गेम्स वर्कशॉप या कंपनीनें १९८७ सालीं 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ काढला. त्यांतील मूर्ति जेमतेम इंचभर उंचीच्या. परंतु त्यांच्या पाठीशीं हजारों वर्षांचा एक कल्पित इतिहास आहे. त्यांतील 'ऑर्क' नांवाचे रानटी लोक शत्रूचीं वाहनें पळवून नेतात आणि त्यांवर मिळेल तो पत्रा ठोकून तीं स्वतःचीं म्हणून वापरतात. म्हणून ऑर्कांची गाडी बनविणारा मुलगा वेगवेगळ्या खेळण्यांचे भाग जोडतो, तेव्हां तो त्या कथेशीं इमान राखीत असतो. याच खेळांत शिस्तीनें राहणारे सैनिकही आहेत, त्यांच्या चिलखतावर तसलाच वेडावांकडा पत्रा लावला, तर जाणता खेळगडी ताबडतोब विचारील, "हा यांच्याकडे आला कोठून?"

या प्रश्नांतच या कलेचें सारें मर्म आहे. भाग कोणताही जोडावा. पण तो तेथें कां आहे, याचें उत्तर कथेंतून देतां आलें पाहिजे.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास आपल्या शहरासारखें दुसरें ठिकाण क्वचितच सांपडेल. येथील लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेनें १९९४ सालीं स्थापिलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आपणांपैकीं पुष्कळांनीं सहलींत पाहिलें असेल. तेथें व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, आपल्या देशांत तयार झालेला विजयंता, तसेंच १९६५ च्या युद्धांतील पॅटन असे रणगाडे उभे आहेत. पुढच्या खेपेस नुसतीं छायाचित्रें काढून परतूं नका. ओढण्याचा आंकडा कोठें आहे, चिलखताचे पत्रे कोणत्या कोनांत उतरते केले आहेत, चढण्यास पायरी कोठें ठेविली आहे, तें वहींत टिपा. प्रत्यक्ष युद्धांतही रूपांतरें होतच होतीं. दुसऱ्या महायुद्धांत व्हॅलेंटाइनचा तोफेचा घुमट काढून त्या जागीं घडीचा पूल बसविण्यांत आला. शर्मन रणगाड्यास पुढें सांखळ्यांचा फिरता रूळ लावून भूसुरुंग फोडण्यास लाविलें. ओढा ओलांडावयाचा होता म्हणून पूल, आणि वाट मोकळी करावयाची होती म्हणून सांखळ्या! गरज आधीं, रूप मागून. कल्पनेंतल्या यंत्रासही हाच नियम लागू आहे.

कथेसाठीं परदेशाकडेच पाहिलें पाहिजे असें नाहीं. डॉ. जयंत नारळीकर यांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं 'नारायण विनायक जगताप' या टोपणनांवानें 'कृष्णविवर' ही कथा पाठविली व पारितोषिक मिळविलें. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरींत वामन नांवाचा बुद्धिमान यंत्रमानव आहे. असें एखादें पुस्तक वाचा आणि त्यांतील पात्राची मूर्ति करावयास बसा. पहिल्या वाचनांत निसटलेलीं वर्णनें दुसऱ्या वाचनांत कशीं डोळ्यांत भरतात, याचा अनुभव येईल. वाचनाचा कंटाळा करणारा मुलगाही, पात्राच्या हातांत काय होतें हें शोधण्यासाठीं, पानें मागें उलटूं लागतो.

आतां कृतीकडे वळूं. प्रथम माप ठरवावें. साडेपांच फूट उंचीचा मनुष्य तीन इंचांचा केला, तर प्रमाण २२ स १ असें होतें. मग २२ फूट लांबीचा टँकर बरोबर १२ इंचांचा झाला पाहिजे. हें गणित चुकलें, कीं पुढील सर्व मेहनत व्यर्थ जाते. नंतर सामान जमवावें. संपलेल्या पेनांतील स्प्रिंग, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, बंद पडलेल्या घड्याळाचीं चाकें, शीतपेयाची नळी, बाटल्यांचीं झांकणें, यांतील कांहींही टाकण्यासारखें नाहीं. भाग चिकटविण्यापूर्वीं नुसते एकमेकांवर ठेवून सर्व बाजूंनीं पाहावे.

प्लॅस्टरची मूर्ति कापतांना ती ओलसर करून घ्यावी, म्हणजे भुकटी उडून नाकांत जात नाहीं. पातें नेहमीं बोटांपासून दूर चालवावें, आणि खालच्या वर्गांतील मुलांनीं हें काम वडील माणसांसमोरच करावें. नुसत्या गोंदावर जोडलेला हात लवकर निखळतो; म्हणून दोन्ही भागांत बारीक छिद्र पाडून मध्यें तारेचा तुकडा बसवावा. सांध्यावरील फट एम-सीलसारख्या दोन भागांच्या लांबीनें बुजवावी. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळावे, बोट ओलें करून लांबी गुळगुळीत करावी, आणि काम संपल्यावर हात स्वच्छ धुवावे. रात्रभर वाळूं द्यावें.

प्लॅस्टर रंग शोषून घेतें, म्हणून त्यावर आधीं पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात द्यावा. मग संपूर्ण मूर्तीस एकच करडा रंग लावावा. हा क्षण मोठा आनंदाचा असतो. तोंवर मावळ्याचे पाय, बाहुलीचा हात व पेनाचें टोपण असे वेगवेगळे ओळखूं येणारे भाग एकाएकीं एका देहाचे अवयव होतात. वरचे रंग वाळल्यावर काळपट रंगाचें पातळ पाणी खांचांत सोडावें. शेवटीं जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें उंचवट्यांवर फिकट रंग घासावा. छाया व प्रकाश आपोआप उमटतात.

परंतु हात चालूं लागले, तरी प्रश्न थांबतां कामा नये. चंद्रावर उभ्या राहिलेल्या वीराचा शेमला वाऱ्यावर फडफडतां उपयोगी नाहीं, कारण तेथें हवाच नाहीं. जेथें धूळ आहे तेथें ती पायांवर अधिक व खांद्यांवर कमी दिसली पाहिजे. जेथें लोखंड दुर्मिळ आहे तेथील भांड्यांना ठिगळें असलीं पाहिजेत.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें विहिरीचा राखणदार व टँकर पूर्ण केले, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशीं ते वर्गांत मांडले. त्याचे वडील गांवाहून आले होते. ते बराच वेळ वांकून पाहत राहिले. शेवटीं म्हणाले, "सर, ह्यो कॉक वर बसवलाय. पाणी खालून सुटतंय. आसं बसवलं, तर निम्मं पाणी टाकीतच राहील." मुलाचा चेहरा क्षणभर उतरला, लगेच तो पातें घेऊन बसला, आणि कॉक खालीं आला. त्यानंतर बापलेक दोघे त्या ग्रहावरील एका घरास किती हंडे मिळावेत याचा हिशेब करीत बसले. मीं त्या दोघांना इतकें बोलतांना त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाच्या मोडक्या खेळण्यांची पेटी टाकून देण्यापूर्वीं तिच्या तळाशीं वहीचीं पानें आहेत काय, तें पाहावें. पानें नसतील तर मुलालाच जवळ बसवून विचारावें, "हा कोण? हा राहतो कोठें? याच्या हातांत हें कां?" उत्तर मिळाल्यास त्यांतील चुका अवश्य दाखवाव्या, कारण कॉक कोठें असतो, हें आपल्याला ठाऊक असतें आणि तें त्याला हवें असतें. आणि मुलांनो, येत्या दिवाळीनंतर किल्ला उतरवाल, तेव्हां त्या मोडक्या मावळ्यांस आधीं घरांत आणा. त्यांची एक नोकरी संपली आहे. दुसरी तुम्हांला द्यावयाची आहे.