पाचशे रुपयांची सही

भातलावणीच्या दिवसांत फोन येतो. पलीकडचा आवाज गोड असतो. "दादा, सगळे नकोत, पाचशे टाका. बाकीचं साहेबांना सांगून कमी करून देतो." विषय असतो आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलचे थकलेले हप्ते. गाडी केव्हाच भंगारात गेली, कर्ज कंपनीने दुसऱ्याला विकलं आणि बोलतोय तो तिसराच.

या पाचशेला कर्जाच्या आकड्यापेक्षा जास्त किंमत आहे. १९६३च्या मुदत कायद्यानुसार साध्या उसनवारीचा किंवा हप्त्याचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. जमीन गहाण असेल तर बारा. मुदत संपण्याआधी सही करून थोडी रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली, की तीन वर्षं त्या दिवसापासून पुन्हा सुरू. मुदत टळल्यावर कर्ज पुसलं जात नाही, पण कोर्टाची वाट बंद होते. मग वसुलीवाला 'तडजोडपत्र' पुढे करतो. त्यात "मी रक्कम देईन" असं लिहून सही झाली, की १८७२च्या करार कायद्याने तो नवा करार ठरतो. मेलेलं कर्ज आपणच उठवून बसवतो.

आपल्या पुणे जिल्ह्यात कागदाचा धाक एकदा फार टोकाला गेला होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. रोख होता कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. दंग्यानंतर १८७९चा शेतकरी कायदा आला. रोख्यावर काहीही लिहिलेलं असो, मागचा हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार त्याने कोर्टाला दिला; सावकाराला पावती आणि हिशेब देणं भाग पाडलं. माझ्या मते आजही वसुलीवाल्याला आपलं पहिलं वाक्य तेच हवं: मूळ करार, कर्जाचा उतारा आणि तुम्हाला नेमल्याचं पत्र दाखवा.

पतसंस्थेचं कर्ज मात्र वेगळ्या वाटेने चालतं, आणि इथे गाफील राहणारे बुडतात. सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला निबंधकांकडून मिळतो आणि त्यावरून जप्ती येऊ शकते. जामीनदार म्हणून सही करणाऱ्यालाही सुटका नाही. "मी फक्त सही केली" हे कायदा ऐकत नाही. वडिलांचं कर्ज मुलांकडे येतं, पण वारशात मिळालं तेवढ्यापुरतंच. फेडलेल्या सोसायटी कर्जाचा बोजा वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर तसाच राहतो. बेबाकी दाखला घेऊन तो उतरवला नाही, तर तोच जुना बोजा उद्या भांडणाचं मूळ होतो.

वेल्ह्यात (कागदोपत्री आता राजगड तालुका) आणि भोरमध्ये पुण्याच्या ओढीने जमिनीला भाव आलाय. त्यामुळे बिनपरवाना सावकाराला व्याजापेक्षा खरेदीखतातच जास्त रस. कर्जापोटी असं खत करून दिलं असेल तर २०१४च्या राज्य सावकारी कायद्याचं कलम १८ पाहा. गेल्या पंधरा वर्षांतला तसा व्यवहार सिद्ध झाला, तर जिल्हा उपनिबंधक जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. अर्ज सहायक निबंधक कार्यालयात करायचा.

बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शेजारीपाजारी, पाहुण्यांत बदनामी तर नाहीच. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. चौकशीचा नंबर १४४४८.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरू नका. दावा लागण्याआधीची असेल तर तिथे तडजोडीची सक्ती नसते. पण कोर्टाचं समन्स आलं तर हजर राहायलाच हवं. मुदत टळली असली तरी एकतर्फी हुकूमनाम्याचा धोका का घ्यायचा?

आणि उत्तर लिहाल तेव्हा आपली गावाकडची सभ्यता जरा आवरा. "पीक निघालं की देतो" हे आपल्याला नुसतं मुदत मागणं वाटतं. मुदतीच्या आत, सहीनिशी लिहिलं, तर कायद्याच्या भाषेत ती कर्जाची कबुली. त्यापेक्षा स्पीड पोस्टाने इतकंच कळवा: हिशेब आणि कागद पाठवा, हे पत्र म्हणजे कर्जाची कबुली नव्हे. पोचपावती जपून ठेवा.